शाळेच्या दप्तरातील लॅटिन

जून महिन्यात शाळेच्या कार्यालयात सर्वात जास्त मागणी कोणत्या कागदाला असते, असे विचारले तर कोणताही लिपिक सांगेल, 'बोनाफाईड'ला. बसचा पास, शिष्यवृत्ती, बँकेतले खाते, काहीही असो, 'आधी शाळेतून बोनाफाईड घेऊन या' हे ठरलेले. पालकही ते बिनचूक मागतात. पण हा शब्द इंग्रजी नाही, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. लॅटिनमध्ये 'बोना' म्हणजे चांगली आणि 'फिदेस' म्हणजे विश्वास, सचोटी. या जोडीला आपल्या पंचमीसारखी आणि काही वेळा तृतीयेचेही काम करणारी विभक्ती लावली की 'बोना फिदे' होते, म्हणजे 'सचोटीने', 'खऱ्या भावनेने'. इंग्रजांनी त्याचा उच्चार आपल्या वळणाने केला, आणि आपण तर या क्रियाविशेषणाचे चक्क नाम करून टाकले. एखाद्याने 'माझे प्रामाणिकपणे हरवले, दुसरे द्या' म्हणावे, तसाच हा प्रकार आहे. अर्थात त्यात वाईट काही नाही. शब्द जिवंत असल्याचे ते लक्षण आहे.

त्याच कार्यालयातील हजेरीपटावर 'रोल नं.' असतो. इंग्रजीत त्यासाठी 'एन' आणि 'ओ' ही दोन अक्षरे लिहितात. इंग्रजी 'नंबर' या शब्दाच्या वर्णाक्षरांत 'ओ' कोठेच नाही, मग संक्षेपात तो आला कोठून? हा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारून पाहावा. उत्तर असे की हा संक्षेप 'नंबर'चा नसून लॅटिन 'नुमेरो'चा, म्हणजे 'क्रमांकाने' या शब्दाचा आहे. परीक्षेसाठीचा 'एक्झाम' हा शब्द लॅटिन 'एक्झामेन'वरून आला, आणि त्याचा एक अर्थ आहे तराजूचा काटा. दोन पारडी समतोल झाली की नाही हे दाखवणारी ती मधली जीभ. तोंडी परीक्षेची 'व्हायवा' म्हणजे 'विवा वोके', जिवंत आवाजाने. 'करिक्युलम'चा मूळ अर्थ धावणे किंवा धावण्याचा मार्ग असा आहे. वर्षाअखेरीस भाग संपवताना होणारी शिक्षकांची दमछाक पाहता तो अर्थ अजूनही पुरता गेलेला नाही असे म्हणावे लागते.

या सगळ्यांत सर्वात गमतीचा शब्द 'सिलॅबस'. तो लॅटिन वाटतो, पण प्राचीन लॅटिनमध्ये असा शब्दच नव्हता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील प्रसिद्ध रोमन वक्ता सिसेरो याने आपला मित्र अॅटिकस याला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्या काळी पुस्तके गुंडाळ्यांच्या रूपात असत, आणि कोणती गुंडाळी कशाची हे कळावे म्हणून तिच्या टोकाला चामड्याची छोटी चिठ्ठी लोंबत ठेवीत. तिला ग्रीक भाषेत 'सित्तुबा' म्हणत. आपल्या ग्रंथसंग्रहाच्या मांडणीबद्दल लिहिताना सिसेरोने हा शब्द वापरला होता. हस्तलिखितांच्या नकला करता करता अक्षरे बिघडली, आणि पंधराव्या शतकात ही पत्रे छापली गेली तेव्हा काही आवृत्त्यांत 'सित्तुबास'चे 'सिलॅबोस' झाले. पुढच्या पंडितांना वाटले की हा कोणता तरी ग्रीक शब्द असावा. त्यांनी त्याचे एकवचन 'सिलॅबस' केले, अर्थ लावला 'यादी', आणि अनेकवचन केले 'सिलॅबाय'. म्हणजे जगभरचे शिक्षणतज्ज्ञ ज्या शब्दाचे शुद्ध अनेकवचन कोणते यावर वाद घालतात, तो शब्द मुळात मुद्रणदोष आहे. (ओघात आलेच म्हणून सांगतो, आपले 'दप्तर' हेही अशाच एका चामड्याचे आहे. ग्रीक 'दिप्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. त्यावरून फारसीतून 'दफ्तर' आले, आणि घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला 'डिप्थेरिया' हे नाव पडले, तेही त्याच शब्दावरून.)

आता हे सर्व इंग्रजीत शिरले कसे? रोमन सैन्य ब्रिटनमध्ये इ. स. ४३ मध्ये स्थिरावले आणि सुमारे ४१० पर्यंत होते, त्यामुळे तेव्हाच हे शब्द आले असावेत असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. इंग्रजी ज्यांची भाषा, ते अँग्लो-सॅक्सन लोक रोमन गेल्यानंतर तेथे आले. मात्र युरोपच्या भूमीवर असतानाच रोमन व्यापाऱ्यांकडून त्यांनी काही शब्द उचलले होते. 'वाइन', 'चीज', 'स्ट्रीट', 'वॉल' हे त्यांतले. 'माईल'ही त्यांपैकीच, लॅटिन 'मिल्ले' म्हणजे हजार, अर्थात रोमन सैनिकाच्या हजार दुहेरी पावलांचे अंतर. दुसरी लाट ५९७ नंतर ख्रिस्ती धर्मोपदेशकांबरोबर आली. 'कँडल' आणि 'स्कूल' हे तेव्हाचे. यातला 'स्कूल' लॅटिनने ग्रीककडून घेतलेला असून त्याचा मूळ अर्थ 'फुरसत' असा आहे! तिसरी लाट १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्फत आली. चौथी आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची लाट विद्वानांची, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांची. तेव्हा युरोपातील विद्यापीठांत शिकवणे, वाद घालणे, प्रबंध लिहिणे सारे लॅटिनमध्ये चाले. पोलंडचा कोपर्निकस, इंग्लंडचा हार्वे, जर्मनीचा केप्लर यांच्या मातृभाषा वेगळ्या, पण ग्रंथ लॅटिनमधले.

न्यायालयांचे तर विचारूच नये. इंग्लंडमधील न्यायालयांचे दफ्तर १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये राहिले. त्या वर्षापासून कायद्याने इंग्रजी सक्तीची झाली, पण लगोलग लक्षात आले की काही संज्ञांना इंग्रजीत तेवढा नेमका प्रतिशब्दच नाही, आणि त्या तशाच ठेवण्याची मुभा द्यावी लागली. त्या संज्ञा इंग्रजांबरोबर आपल्याकडे आल्या. तहसील कचेरीबाहेर टंकलिखित होणारे 'अॅफिडेव्हिट' म्हणजे 'त्याने शपथेवर सांगितले आहे'. हे पूर्ण क्रियापद आहे. 'अॅलिबाय' म्हणजे 'दुसरीकडे'. भारतीय संविधानाच्या ३२ व्या अनुच्छेदात पाच प्राधिलेखांची नावे आहेत, त्यांतील 'हेबिअस कॉर्पस'चा शब्दशः अर्थ 'तू शरीर हजर ठेव' असा होतो. अटक केलेला माणूस न्यायाधीशापुढे सदेह उभा करा, ही त्यातली मागणी. मराठीत त्याला 'देहोपस्थिती' म्हटले आहे. शब्द जड आहे खरा, पण मूळ लॅटिनही इंग्रज शेतकऱ्याला काही हलके नव्हते.

बस आणि भ्यः

लॅटिन ही मृत भाषा आहे असे म्हणतात. पण तिचा एक प्रत्यय महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात दिवसभर धावत असतो. फ्रान्समधील नांत शहरात १८२६ च्या सुमारास स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाने भाडे देईल त्या कोणालाही चढता येईल अशी घोडागाडी सुरू केली. तिचे नाव पडले 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. १८२८ मध्ये पॅरिसला आणि १८२९ मध्ये लंडनला अशा गाड्या आल्या. लोकांनी लांबलचक नावाचा पुढचा भाग कापून टाकला आणि 'बस' शिल्लक ठेवली. आता लॅटिनमध्ये 'ऑम्नि' हा शब्द आहे, 'सर्व' या अर्थाचा. 'बस' हा केवळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल त्यांना 'सर्वेभ्यः', 'रामेभ्यः' ही रूपे आठवतील. लॅटिनचा हा 'बुस' आणि संस्कृतचा 'भ्यः' एकमेकांचे नातलग आहेत. थोडक्यात, एस. टी. स्थानकावर आपण ज्याची वाट पाहत उभे असतो तो एक विभक्तिप्रत्यय आहे.

हे नाते प्रथम कोणाच्या लक्षात आले? पाठ्यपुस्तकात सर विल्यम जोन्स यांचे नाव असते, आणि ते योग्यच आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांनी मांडले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतील साम्य योगायोगाने होण्यासारखे नाही, त्या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलेही नसेल. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी ही शंका दोन माणसांना आली होती, आणि दोघेही आपल्या किनाऱ्यावर वावरत होते. पहिला, ज्याला मराठी वाचक ख्रिस्तपुराणाचा कर्ता म्हणून ओळखतात, तो फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने १५८३ मध्ये आपल्या भावाला पत्र लिहिले, त्यात इकडच्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले. दुसरा, फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती. कोची आणि गोवा येथे राहून त्याने मायदेशी जी पत्रे पाठवली, त्यांत सहा, सात, आठ, नऊ हे आकडे तसेच देव आणि सर्प हे शब्द इटालियनशी जुळतात असे त्याने लिहिले. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. दोघांचीही पत्रे दीर्घकाळ अप्रकाशित राहिली. निरीक्षण बरोबर असूनही ते ज्ञानाच्या बाजारात आलेच नाही, म्हणून त्यावर पुढे कोणी काही उभारू शकले नाही. विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते.

वर्गात हे साम्य दाखवायला महिन्यांची नावे पुरेशी आहेत. सप्टेंबरात 'सेप्तेम' म्हणजे सप्त, ऑक्टोबरात 'ऑक्तो' म्हणजे अष्ट, नोव्हेंबरात 'नोवेम' म्हणजे नव, डिसेंबरात 'देकेम' म्हणजे दश. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई, म्हणून सप्टेंबर सातवा. पुढे वर्षारंभ जानेवारीत गेला आणि नावे दोन घरे मागे राहिली. मात्र येथे एक सावधगिरी हवी. हे साम्य पाहून 'म्हणजे लॅटिन संस्कृतातूनच निघाली' असा निष्कर्ष उत्साहाने काढला जातो, आणि तो चूक आहे. या बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. शिवाय कानाला सारखे लागले म्हणजे नाते असतेच असे नाही. लॅटिन 'देउस' आणि संस्कृत 'देव' यांचे नाते खरे, पण 'देउस'सारखाच वाटणारा आणि त्याच अर्थाचा ग्रीक 'थेओस' या कुळातला नाही. नाते ठरते ते अनेक शब्दांत नियमाने होणाऱ्या ध्वनिबदलांवरून. एखादे आकर्षक उदाहरण मिळाले म्हणून सिद्धांत होत नाही, हे प्रयोगशाळेत जितके खरे तितकेच शब्दकोशातही.

ज्या, जेब आणि सायनस

लॅटिनमधून आलेल्या शब्दांपैकी काहींनी तर आपल्याकडूनच प्रवास सुरू केला होता. दहावीच्या भूमितीत 'साइन थीटा' येतो. विद्यार्थी गुणोत्तर पाठ करतात, पण 'साइन' म्हणजे काय हे सहसा कोणी विचारीत नाही. वर्तुळाचा कंस आणि त्याची जीवा यांचा आकार ताणलेल्या धनुष्यासारखा दिसतो. म्हणून आपल्या ज्योतिर्विदांनी कंसाला 'चाप' आणि रेषेला 'ज्या' किंवा 'जीवा', म्हणजे धनुष्याची दोरी, अशी नावे दिली. ग्रीक ज्योतिषी टॉलेमीची कोष्टके पूर्ण जीवेची होती. भारतीयांनी अर्धी जीवा घेतली, त्यामुळे काटकोन त्रिकोण हाती आला आणि गणित सोपे झाले. आर्यभटाच्या ४९९ मधील ग्रंथात अशा अर्धज्यांची २४ मूल्ये मिळतात. 'अर्धज्या' म्हणत राहणे कंटाळवाणे, म्हणून 'अर्ध' गळून नुसते 'ज्या' राहिले.

आठव्या शतकात भारतीय ज्योतिषग्रंथ बगदादला पोचले. अरबांनी या शब्दाचे भाषांतर न करता 'जीवा'चे उच्चारानुसार 'जीबा' केले. अरबी लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर उरली ज, य, ब ही तीन अक्षरे. या अक्षरांचा 'जीबा' हा शब्द अरबीत निरर्थक. पण हीच तीन अक्षरे 'जैब' अशी वाचली तर तो चांगला ओळखीचा शब्द होतो. त्याचा अर्थ वस्त्राचा गळ्याजवळचा भाग, पदराची घडी, खिसा. हिंदी चित्रपटातील 'जेबकतरा' ज्या जेबेवर हात मारतो, ती हीच. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होऊ लागली तेव्हा भाषांतरकारांनी हा शब्द 'जैब' असाच वाचला आणि इमानाने त्याचा लॅटिन प्रतिशब्द दिला, 'सायनस', म्हणजे वस्त्राची घडी, पोकळी, खाडी. धनुष्याची दोरी अशी सदऱ्याच्या खिशात गेली. तोच 'सायनस' इंग्रजीत 'साइन' झाला. नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांनाही डॉक्टर 'सायनस' म्हणतात, त्यामुळे सर्दीने कपाळ दुखणे आणि त्रिकोणमितीने कपाळ दुखणे या दोन्हींचा शब्द एकच निघतो! 'कोसाइन' हा मात्र उशिराचा. १६२० मध्ये इंग्रज गणिती एडमंड गंटर याने 'पूरक कोनाचा साइन' याचा संक्षेप करून तो रूढ केला. आपल्याकडे त्यालाच कोटिज्या म्हणत.

शून्याचा प्रवासही त्याच वाटेने झाला. अरबांनी 'शून्य'चे भाषांतर 'सिफ्र' म्हणजे रिकामे असे केले. लिओनार्दो फिबोनाची याने १२०२ च्या आपल्या ग्रंथात त्याला लॅटिन वळण देऊन 'झेफिरुम' केले, त्यावरून इटालियनमार्फत 'झीरो'.

घड्याळाकडे वळू. तासाच्या साठाव्या भागाला 'मिनिट' म्हणतात हे ठीक, पण मिनिटाच्या साठाव्या भागाला 'सेकंद', म्हणजे 'दुसरा', का? पहिला कोणता? बॅबिलोनियन परंपरेतील साठाची पद्धत टॉलेमीने कोनमापनात वापरली. त्याचा ग्रंथ अरबीतून लॅटिनमध्ये आणण्याचे काम क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडो येथे ११७५ च्या सुमारास पुरे केले. लॅटिनमध्ये अंशाच्या साठाव्या भागाला 'पार्स मिनुता प्रिमा', म्हणजे 'पहिला बारीक भाग' म्हणत, आणि त्याचे पुन्हा साठ भाग केले की एकेक 'पार्स मिनुता सेकुंदा', 'दुसरा बारीक भाग'. पहिल्यातला 'बारीक' उरला, दुसऱ्यातला 'दुसरा' उरला. कोन मोजण्याचे हे भाग पुढे वेळेलाही लागू झाले. एवढे सांगितले की तास-मिनिट-सेकंद आणि अंश-मिनिट-सेकंद यांची नावे सारखी का, हा मुलांचा नेहमीचा गोंधळ मिटतो. घड्याळातले 'ए. एम.' आणि 'पी. एम.' म्हणजे मध्याह्नापूर्वी आणि मध्याह्नानंतर. मग भर दुपारचे बारा यांपैकी कशात? कशातच नाही, कारण तोच मध्याह्न.

रसायनशास्त्राच्या शिक्षकांना दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न म्हणजे सोडियमला 'एन-ए' आणि पोटॅशियमला 'के' का. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये ही मूलद्रव्ये वेगळी केली आणि आपल्या पसंतीची नावे दिली, परंतु युरोपात 'नात्रिउम' आणि 'कालिउम' ही नावे प्रचारात आली. स्वीडनच्या बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास अक्षरचिन्हांची पद्धत मांडताना लॅटिन नावे आधाराला घेतली, कारण कोणत्याही एका देशाची भाषा घेतली असती तर बाकीचे रुसले असते. सोने 'औरुम', चांदी 'आर्गेंतुम', लोखंड 'फेर्रुम', शिसे 'प्लुम्बुम'. रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करीत, म्हणून नळ दुरुस्त करणारा तो 'प्लंबर'. गंमत म्हणजे 'कालिउम' तरी लॅटिन कोठे आहे? त्याचे मूळ अरबी 'अल्-कली', म्हणजे वनस्पतींची राख. 'अल्कली' तो हाच.

गोव्याचा वैद्य, मलबारचे झाड

येथवर लॅटिनचे शब्द पाहिले. पण ज्ञानाची भाषा म्हणून तिने काय दिले आणि काय हिरावले, हे पाहायचे तर पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर यावे लागते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. येथील औषधी वनस्पती, मसाले, फळे यांची तीस वर्षे माहिती जमवून त्याने संवादरूप ग्रंथ लिहिला आणि १५६३ मध्ये तो गोव्यातच छापला. पटकीच्या रोगाचे त्यातील वर्णन प्रसिद्ध आहे. ग्रंथाची भाषा पोर्तुगीज. तो तसाच राहता तर थोड्याच लोकांपर्यंत पोचला असता. पण कार्लुस क्लुसियुस या वनस्पतिज्ञाला त्याची प्रत मिळाली. त्याने त्याचा लॅटिन संक्षेप करून १५६७ मध्ये अँटवर्पला छापला, आणि मग युरोपभर तोच वाचला गेला. ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो ज्यू धर्म पाळत असल्याच्या आरोपावरून गोव्याच्या इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र लॅटिनच्या आश्रयाने तगला.

आता दुसरी बाजू. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याने मलबारातील वनस्पतींवर प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, 'होर्तुस मलाबारिकुस', म्हणजे मलबारचा बगीचा. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड निघाले. झाडांची नावे रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी लिपींत दिलेली आहेत. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या समाजातील या तिघांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले नागरीतील कोकणी निवेदन पहिल्या खंडात छापले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींना दुहेरी नावे दिली, तेव्हा भारतीय झाडांसाठी या ग्रंथाचा आधार घेतला. म्हणजे आपण वहीत लिहितो त्या अनेक शास्त्रीय नावांमागे या वैद्यांचे ज्ञान आहे. पण ग्रंथ लॅटिन. ज्यांच्या वाडवडिलांची विद्या त्यात होती, त्यांना तो तीनशे वर्षे वाचता आला नाही. केरळमधील वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी त्यासाठी लॅटिनचा अभ्यास केला, जुन्या नावांची झाडे प्रत्यक्ष शोधून ओळखली, आणि केरळ विद्यापीठाने त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये प्रसिद्ध केले. मल्याळी भाषांतर २००८ मध्ये आले. ज्ञान आपल्याच अंगणातून गेले आणि तीन शतकांनी, दोन भाषांची वळणे घेऊन, परत आले.

युरोपातही लॅटिन न येणाऱ्याची कोंडी होतच होती. डेल्फ्टचा कापड-व्यापारी लीउवेनहुक याला फक्त डच येत असे. त्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म जीव पाहिले आणि १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहिली. सोसायटीने ती भाषांतरित करून घेतली, हा त्या संस्थेचा मोठेपणा. तसे झाले नसते तर जिवाणूंचे पहिले वर्णन डेल्फ्टच्या एखाद्या फडताळात पडून राहिले असते. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ मध्ये लॅटिनमध्ये निघाला, 'ऑप्टिक्स' मात्र १७०४ मध्ये इंग्रजीत. तरी दोनच वर्षांत त्याचे लॅटिन भाषांतर करावे लागले, कारण समुद्रापलीकडे इंग्रजी वाचणारे कितीसे होते?

रोगराईच्या काळात घराघरांत ऐकू येणारे दोन शब्द घेऊ. 'व्हायरस' हा लॅटिनमध्ये विषाचा वाचक आहे आणि संस्कृत 'विष' त्याचा सख्खा भाऊ आहे. त्यामुळे आपला 'विषाणू' हा प्रतिशब्द अर्थाने तर जमलाच, पण कुळानेही जमला. दुसरा 'व्हॅक्सीन'. 'वाक्का' म्हणजे गाय. एडवर्ड जेन्नरने १७९८ मध्ये गाईच्या देवीची लस टोचण्याविषयी पुस्तिका लिहिली, तिच्या नावात हे विशेषण होते. चार वर्षांत ती लस भारतात पोचली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. पुढे १८८१ मध्ये लुई पाश्चरने सुचवले की जेन्नरच्या सन्मानार्थ सर्वच लसींना हे नाव द्यावे. म्हणून २०२१ मध्ये करोनाची लस घेताना, तिचा गाईशी काडीचा संबंध नसूनही, आपण 'व्हॅक्सीन' घेतली.

वनस्पतिशास्त्राने लॅटिन सर्वात शेवटी सोडली. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये असलेच पाहिजे, हा नियम १९३५ पासून लागू होता. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी वर्णनही चालू लागले. नावाला मात्र लॅटिन व्याकरण अजून सुटलेले नाही. चिंचेचे नाव 'टॅमॅरिंडस इंडिका'. 'टॅमॅरिंड' हे अरबी 'तम्र हिंदी'चे, म्हणजे 'हिंदी खजूर'चे रूप, आणि पुढे पुन्हा 'इंडिका'. नावात दोनदा हिंदुस्थान असलेले हे झाड मूळचे आफ्रिकेतले आहे. याउलट खरोखर आपलीच असलेली एक वनस्पती रत्नागिरीकडच्या कातळसड्यांवर पावसाळ्याच्या सुरुवातीला पांढरी फुले घेऊन उभी राहते. तिचे नाव 'डिपकाडी कॉन्कनेन्स'. 'कोकणातील' या अर्थाचे विशेषण लॅटिनमध्ये पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी 'कॉन्कनेन्सिस' झाले असते; 'डिपकाडी' नपुंसकलिंगी मानले जाते, म्हणून शेवट बदलला. सड्यावर सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ती फुले मुलांना दाखवावीत, आणि जमल्यास नावाचे लिंगही.